रक्त थांबतें कसें?

शाळेच्या पटांगणावर मधल्या सुट्टींत दहा मिनिटें उभें राहून पाहावें; कोणाचा गुडघा फुटलेला, कोणाचें कोपर खरचटलेलें, कोणाच्या बोटास पेन्सिल तासतांना पातें लागलेलें, असा एखादा तरी वीर दृष्टीस पडतोच. तो क्षणभर तोंड वाकडें करितो, नळाखालीं पाय धरितो आणि पुन्हां खेळांत मिसळतो. घंटा होण्यापूर्वीं रक्त थांबलेलें असतें. तें कोणीं थांबविलें हा प्रश्न त्याला पडत नाहीं, आणि त्याच्या सोबत्यांनाही पडत नाहीं. जें रोज घडतें त्याचें नवल वाटूं नये हा मनुष्यस्वभावच आहे. तथापि ज्या घरीं हें थांबणें आपोआप घडत नाहीं, त्या घरच्या आईबापांस या साध्या गोष्टीचें मोल पुरतें कळलेलें असतें. अशा एका घराशीं आमचा संबंध आला, आणि तेव्हांपासून या विषयावर आपल्या शाळेच्या अंकांत चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत होतें. तो योग आज येत आहे.

प्रथम हें कोडें काय आहे तें पाहूं. तीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगांत सव्वादोन लिटरच्या आसपास रक्त असतें. हें रक्त जन्मापासून मरणापर्यंत केसाहूनही बारीक नलिकांतून अखंड वाहत राहिलें पाहिजे; वाटेंत कोठेंही घट्ट होतां कामा नये. पण नलिकेस भोंक पडतांच त्याच रक्तानें त्याच जागीं, आणि केवळ त्याच जागीं, कांहीं मिनिटांत घट्ट झालें पाहिजे. पाटाचें पाणी वाहतेंही राहावें आणि बांध फुटल्यास त्या पाण्यानेंच बांध घालावा, असें कोणी शेतकरी म्हणूं लागला तर त्याला आपण वेडा ठरवूं. आपल्या शरीरांत मात्र हेंच काम रात्रंदिवस चाललेलें असतें; कारण बाहेरून न दिसणाऱ्या बारीक चिरा आंतल्या आंत सारख्या पडत असतात आणि सारख्या बुजत असतात.

वाहतें रक्त कसें थांबवावें याचा विचार आपल्या देशांत फार प्राचीन काळीं झालेला आहे. सुश्रुतसंहितेंत त्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनीं जखमेचे ओठ जुळवावे, थंडाव्यानें रक्त गोठवावें, भस्म लावावें आणि अखेरीस डाग देऊन शिरा आकुंचित कराव्या, असा त्यांचा थोडक्यांत अर्थ आहे. घरोघरच्या आजीबाई हळद दाबतात, कोणी कॉफीची पूड भरितात, कोणी कोळिष्टक लावितात, ती याच प्रयत्नांची धाकटी परंपरा होय. शुभवर्तमानांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या आणि वैद्यांच्या पायीं होतें नव्हतें तें खर्चून बसलेल्या स्त्रीची कथा आहे. ती वाचली म्हणजे या दुखण्यापुढें जुना काळ किती हतबल होता हें कळून येतें. सर्व उपाय बाहेरून करावयाचे. आंत रक्त स्वतः काय करितें हें कोणास ठाऊक नव्हतें. तें कळण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र यावें लागलें.

रक्तांत तांबड्या व पांढऱ्या पेशी असतात हें विद्यार्थ्यांनीं विज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेंच आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक तिसरा, अगदीं क्षुद्र दिसणारा वर्ग आहे. जर्मनींतील मॅक्स शुल्झ यांनीं १८६५ सालीं त्याचें वर्णन केलें. पण त्याचें काम काय तें इटलींतील तुरीन शहरीं ज्युलिओ बिझोझेरो यांनीं १८८२ सालीं दाखवून दिलें. त्यांनीं जिवंत प्राण्याच्या पारदर्शक पडद्यांतील रक्तवाहिन्या यंत्राखालीं धरल्या आणि त्यांपैकीं एकीला इजा केली. तेव्हां इतका वेळ निमूटपणें वाहत जाणाऱ्या बारीक रंगहीन चकत्या त्या जखमेच्या कडेला येऊन चिकटूं लागल्या, आणि पाहतां पाहतां तेथें त्यांचा बूच तयार झाला. या चकत्यांना आम्ही येथें रक्तबिंबिका म्हणूं. डॉक्टर लोक त्यांना प्लेटलेट म्हणतात, आणि हल्लीं पावसाळ्यांत तोच शब्द घराघरांत ऐकूं येतो.

या बिंबिका किती लहान म्हणाल, तर सुमारें चारशें एका ओळींत मांडाव्या तेव्हां एक मिलिमीटर भरावा. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत, म्हणजे टांचणीच्या डोक्याएवढ्या थेंबांत, त्या दीड लाखांपासून साडेचार लाखांपर्यंत असतात. त्यांचा जन्म हाडांच्या मज्जेंत होतो. तेथें कांहीं अवाढव्य पेशी असतात. त्यांच्या अंगाचे तुकडे सुटून रक्तांत पडतात, तेच हे बिंबिकांचे थवे. हा शोध अमेरिकेंतील जेम्स होमर राइट यांनीं १९०६ सालीं प्रसिद्ध केला. बिंबिकेस स्वतःचें केंद्रक नसतें, ती वाढत नाहीं, तिला संतति होत नाहीं, आणि तिचें आयुष्य सात ते दहा दिवसांचें. म्हणून मोठ्या माणसाच्या शरीरास दररोज सुमारें दहा हजार कोटी नव्या बिंबिका घडवाव्या लागतात. त्यांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा प्लीहेंत राखून ठेविलेला असतो, जसे गांवांत कांहीं गडी पाळीवर आणि कांहीं घरीं असतात.

आतां बोटास पातें लागलें असें समजा. पहिली गोष्ट ही कीं, कापलेली नलिका आपोआप आवळली जाते, त्यामुळें वाहणारें रक्त कमी होतें. नलिकेचें आंतलें अस्तर फार गुळगुळीत असतें व त्यावर बिंबिका बसूं शकत नाहीं. पण अस्तर फाटलें कीं खालचे चिवट धागे उघडे पडतात. रक्तांत वाहणारें एक लांब, दोरासारखें प्रथिन या धाग्यांस अडकतें आणि धांवत्या बिंबिकेस पकडतें. हें प्रथिन ज्यांच्यांत कमी असतें त्यांच्या नाकांतून व हिरड्यांतून वारंवार रक्त येतें; फिनलंडचे वैद्य एरिक फॉन विलेब्रांट यांनीं आलंड बेटांवरील एका कुटुंबाची अशी हकीकत १९२६ सालीं प्रसिद्ध केली, म्हणून त्या प्रथिनास त्यांचेंच नांव मिळालें आहे. पकडली गेलेली बिंबिका क्षणांत रूप पालटते. तिच्या सपाट अंगास हातपाय फुटतात, आणि पोटांत सांठविलेलीं द्रव्यें ती बाहेर सोडते. तीं द्रव्यें म्हणजे इतर बिंबिकांस दिलेली हांकच होय. हांक ऐकून दुसऱ्या येतात, त्या तिसऱ्यांस हांक देतात, आणि सर्व एकमेकींचे हात धरून भोंक बुजवितात. टांचणी टोंचल्याएवढी जखम असेल तर या बुचानेंच भागतें.

मोठ्या जखमेस मात्र हा बूच पुरत नाहीं. रक्ताच्या लोंढ्यानें तो वाहून जाईल. त्यासाठीं दुसरी व्यवस्था आहे. रक्तरसांत फायब्रिनोजेन नांवाचें प्रथिन विरघळलेलें असतें. शंभर मिलिलिटरांत तें दोनशें ते चारशें मिलिग्राम असतें. थ्रॉम्बिन नांवाचें द्रव्य त्याच्या रेणूचीं टोंकें छाटतें, आणि छाटलेले रेणू एकापुढें एक जुळून त्यांचे धागे होतात. त्या धाग्यांचें जाळें बिंबिकांवर पसरतें, त्यांत तांबड्या पेशी अडकतात, आणि रक्त साकळतें. पण थ्रॉम्बिन जर रक्तांत नेहमींच तयार असतें तर आपण सारे क्षणांत थिजून गेलों असतों. म्हणून तें निजलेल्या रूपांत असतें, आणि त्याला जागें करणारें द्रव्यही निजलेलेंच असतें, आणि त्या द्रव्यास जागें करणारें तिसरें द्रव्यही तसेंच. नलिकेबाहेरच्या पेशींवर असलेल्या एका विशिष्ट द्रव्याचा स्पर्श झाला म्हणजे पहिलें जागें होतें आणि मग रांगेनें सारीं उठतात. या घटकांस एक ते तेरा असे अंक दिलेले आहेत; त्यांत सहावा अंक रिकामा आहे, कारण ज्याला तो दिला होता तो निराळा घटक नसून पांचव्याचेंच जागें झालेलें रूप आहे असें मागाहून ठरलें. चौथा घटक म्हणजे आपल्या हाडांतला व दुधांतला कॅल्शियम.

इतकी लांबलचक रांग कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर प्रत्येक घरच्या स्वयंपाकघरांत आहे. चमचाभर विरजण पातेलेंभर दुधास पुरतें. कारण विरजणांतील एकाचे अनेक होतात व त्या अनेकांचे असंख्य होतात. येथेंही प्रत्येक पायरीवर एक जागा झालेला रेणू पुढच्या पुष्कळांस जागे करितो, आणि कणभर इशाऱ्याचें क्षणभरांत मोठें कार्य होतें. ही उपपत्ति इंग्लंडांतील मॅक्फार्लेन यांनीं आणि अमेरिकेंतील डेव्ही व रॅटनॉफ यांनीं १९६४ सालीं एकाच वेळीं मांडली. यांतील अधिक नवलाची गोष्ट अशी कीं, ही जागृति मुख्यतः जमलेल्या बिंबिकांच्याच अंगावर घडते. जेथें बिंबिका बसल्या तेथेंच विरजण लागतें. दोन बोटें पलीकडे रक्त पूर्ववत् वाहत असतें.

जाळें विणल्यावर तेराव्या क्रमांकाचा घटक धाग्यांना गांठी मारितो. बिंबिकांच्या पोटांत स्नायूंतल्यासारखींच आकुंचन पावणारीं प्रथिनें असतात. त्यांच्या जोरावर त्या धागे ओढून घेतात, गुठळी आवळते, आणि जखमेचे ओठ जवळ येतात. वर वाळलेली खपली दिसते. खालीं नवी त्वचा तयार होते. काम संपलें कीं प्लास्मिन नांवाचें द्रव्य तें जाळें हळूहळू विरघळवून टाकतें. विद्यार्थ्यांनो, खपली नखानें काढण्याचा मोह किती अनावर असतो हें आम्हांस ठाऊक आहे. पण ज्या छपराखालीं गवंडी अजून काम करीत आहे तें छप्पर उचकटूं नये.

थांबविणारांनाही थांबविणारे लागतात. अँटिथ्रॉम्बिन, प्रथिन सी वगैरे द्रव्यें रक्तांत पहारा करीत असतात आणि जागे झालेले घटक जखमेबाहेर सांपडल्यास त्यांना निकामी करितात. हा पहारा ढिला पडला, किंवा वाढत्या वयांत नलिकेचें अस्तर चरबीनें जाड होऊन फाटलें, तर नको तेथें गुठळी होते. हृदयाच्या धमनींत ती झाली म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूंत झाली म्हणजे पक्षाघात होतो. अशा रोग्यांस डॉक्टर अल्प मात्रेंत ॲस्पिरिन देतात, त्याचें कारण हेंच. ॲस्पिरिनमुळें बिंबिकेची हांक मारण्याची शक्ति जाते, आणि केंद्रक नसल्यानें ती शक्ति तिला आयुष्यांत पुन्हां मिळवितां येत नाहीं. नव्या बिंबिका येईपर्यंत औषधाचा परिणाम टिकतो. घरांतले आजोबा अशी गोळी घेत असतील तर दांत काढण्यापूर्वीं तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. आणि ती गोळी आपल्याच मनानें बंदही करूं नये.

या व्यवस्थेला आहाराचाही आधार आहे. कोपनहेगन येथें हेन्रिक डाम हे १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांस चरबीरहित अन्न देऊन प्रयोग करीत होते. त्या पिल्लांच्या त्वचेखालीं व स्नायूंत रक्तस्राव होऊं लागला. अन्नांतून कांहीं तरी निसटत आहे हें त्यांनीं ओळखलें, आणि १९३५ सालीं त्या द्रव्यास के जीवनसत्त्व असें नांव दिलें. त्यांच्या भाषेंत गोठणें या अर्थाच्या शब्दाचें तें आद्याक्षर आहे. एडवर्ड डॉइझी यांच्यासह त्यांना १९४३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पालक, मेथी, कोबी या भाज्यांत हें जीवनसत्त्व भरपूर असतें. तेव्हां ताटांतली पालेभाजी बाजूला सारणाऱ्या मुलांनीं त्या पिल्लांची आठवण ठेवावी. नवजात बाळाजवळ याचा सांठा फारच थोडा असतो, म्हणून जन्मल्याबरोबर त्याच्या मांडींत याचें इंजेक्शन देतात. एवढ्याशा जीवाला सुई कशाला, असें म्हणून कोणी आजी हात आडवा घालते. पण त्या सुईनें बाळाच्या मेंदूंतील रक्तस्राव टळतो हें तिला समजावून सांगावें.

कोंकणांतील वाचकांस आणखी एक उदाहरण जवळचें वाटेल. फुरसें चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून, लघवींतून, जुन्या जखमांतून रक्त वाहूं लागतें. याचें कारण विषानें रक्त पातळ होतें असें लोक समजतात. खरा प्रकार उलटा आहे. फुरशाचें विष थ्रॉम्बिनला अवेळीं सर्वत्र जागें करितें. घोणशीचें विष रांगेंतील पांचव्या व दहाव्या घटकांस उठवितें. जागोजागीं धागे विणण्यांत सारें फायब्रिनोजेन खर्ची पडतें, आणि खऱ्या जखमेसाठीं कांहीं उरत नाहीं. म्हणून डॉक्टर अशा रोग्याचें दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घेऊन वीस मिनिटें न हलवितां ठेवितात व मग नळी कलती करितात. रक्त वाहिलें तर विष अंगांत भिनलें असें समजून प्रतिविष देतात. खेड्यांतील दवाखान्यांतही करितां येण्याजोगी ही परीक्षा आहे. मंत्र, चिरा देणें, आवळून बांधणें यांत वेळ दवडण्यापेक्षां चावलेला अवयव न हलवितां रोग्यास त्वरित रुग्णालयांत पोहोंचविणें हेंच श्रेयस्कर. त्याच घोणशीचें विष अत्यंत सौम्य करून मॅक्फार्लेन व बार्नेट यांनीं १९३४ सालीं लंडनमध्यें हिमोफिलियाच्या रोग्यांचा रक्तस्राव थांबविण्यास वापरलें. विषाचाही असा सदुपयोग होऊं शकतो.

हिमोफिलिया हें नांव आलें, तेव्हां प्रारंभीं उल्लेखिलेल्या घराकडे वळूं. या रोगांत बिंबिका ठीक असतात, पण रांगेंतील आठवा किंवा नववा घटक कमी असतो किंवा मुळींच नसतो. बूच बसतो, पण जाळें विणलें जात नाहीं. म्हणून जखमेचें रक्त थांबल्यासारखें होऊन पुन्हां वाहतें, आणि गुडघ्यासारख्या सांध्यांत आंतल्या आंत रक्त सांठून असह्य वेदना होतात. ज्या बाईचे दोन मुलगे सुंता करितांना रक्तस्रावानें गेले तिच्या तिसऱ्या मुलाची सुंता करूं नये, असा नियम यहुद्यांच्या तालमूद ग्रंथांत आहे. इतक्या प्राचीन काळीं हा रोग आईच्या बाजूनें येतो हें चाणाक्ष लोकांनीं ताडलें होतें. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड १८८४ सालीं पडण्याचें निमित्त होऊन वयाच्या तिसाव्या वर्षीं वारला तो याच रोगानें. तिच्या नातीचा मुलगा, रशियाचा युवराज अलेक्सी, यासही हाच रोग होता. तो नवव्या घटकाच्या अभावाचा होता हें २००९ सालीं अवशेषांच्या परीक्षेवरून सिद्ध झालें. राजवाड्याच्या भिंतीही या रोगास अडवूं शकल्या नाहींत.

२०१६ सालच्या जून महिन्यांत आमच्या पांचवीच्या वर्गांत एक विद्यार्थी दाखल झाला. त्याचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. महिन्यांतून तीन-चार दिवस तो गैरहजर राही, आणि आला म्हणजे एक पाय जपून टाकी. ऑगस्टमध्यें आम्ही त्याच्या घरीं चौकशीस गेलों. मुलगा खाटेवर निजलेला होता. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. आई उंबऱ्याशीं उभी होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. बोलत होती ती आजी.

"मास्तर, आमच्या घराण्यांत असलें रक्त नाहीं. हें हिच्या माहेरचें. कुणाचा तळतळाट घेऊन आली, तो माझा नातू भोगतोय."

आम्हीं विचारिलें, "आजीबाई, तुमच्याकडे पोथी आहे?"

"आहे कीं. श्रावणांत रोज वाचतात हे."

"समजा, एका घरांत त्या पोथीच्या दोन प्रती आहेत आणि एका प्रतीचें एक पान फाटलें. वाचन अडेल?"

"दुसरी प्रत आहे ना! अडायचं काय?"

"आणि ज्या घरीं एकच प्रत, आणि तिचेंच पान फाटलें?"

आजी कांहीं बोलली नाहीं. मग आम्हीं सांगितलें, कीं रक्त गोठविण्याची ही कृति ज्या पोथींत लिहिलेली आहे तिच्या बाईजवळ दोन प्रती असतात आणि पुरुषाजवळ एकच. मुलाला ती एक प्रत आईकडूनच मिळते; दोहोंपैकीं कोणती मिळावी हें कोणाच्याही हातीं नसतें. "तुमच्या सुनेला कदाचित् आपली एक प्रत फाटली आहे हें ठाऊकही नव्हतें, आजीबाई. आणि दर तीन रोग्यांत सुमारें एकाच्या घराण्यांत पूर्वीं हा रोग कोणालाच झालेला नसतो. पान नव्यानेंच फाटतें. यांत तळतळाट कोणाचा?"

आजीनें पदरानें डोळे टिपले. पण लगेच सर्व पालटलें असें मात्र झालें नाहीं. आम्ही निघालों तेव्हां ती पुन्हां तेंच पुटपुटत होती. दिवाळीनंतर मात्र मुलाला रुग्णालयांत नेतांना सुनेबरोबर तीच जाऊं लागली, आणि रांगेंत बसून इतर मुलांच्या आयांशीं बोलूं लागली. दुसऱ्याही घरीं तीच दोष देण्याची रीत पाहून तिची समजूत पालटली असावी. जन्मांध माणसाविषयीं, हा कोणाच्या पापाचें फळ भोगतो असें शिष्यांनीं विचारिलें तेव्हां, त्याच्याही नव्हे व त्याच्या आईबापांच्याही नव्हे, असें उत्तर प्रभूनें दिल्याची कथा आम्ही शाळेंत वाचतों. ती केवळ वाचनापुरती नाहीं.

या रोगावर पूर्वीं रक्त भरण्यापलीकडे उपाय नव्हता. १९६४ सालीं अमेरिकेंत ज्युडिथ पूल या विदुषीनें गोठविलेला रक्तरस हळूहळू वितळवितांना तळाशीं बसणारा सांका तपासला. त्यांत आठवा घटक भरपूर निघाला, आणि उपचार सुलभ झाला. पुढें हजारों दात्यांचें रक्त एकत्र करून औषध होऊं लागलें. पण १९८० नंतरच्या दशकांत त्यांतूनच एड्स व काविळीचे विषाणू असंख्य रोग्यांस मिळाले, ही त्या इतिहासांतली अत्यंत दुःखद गोष्ट होय. १९९२ पासून मनुष्याच्या रक्तावांचून घडविलेला आठवा घटकही वापरांत आला. हा घटक वेळेवर मिळाला तर सांधा वाचतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत हिमोफिलियाचा समावेश आहे, हेंही पालकांनीं लक्षांत ठेवावें. आमचा विद्यार्थी कबड्डी खेळूं शकला नाहीं. पण डॉक्टरांच्या सल्ल्यानें तो पोहावयास शिकला, आणि २०२२ सालीं शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याच्या वर्गांतील मुलांनीं पांच वर्षांत त्याला एकदांही ढकललें नाहीं, आणि एकदांही लुळा म्हटलें नाहीं. या शाळेनें मिळविलेल्या ढालींत आम्ही त्या गोष्टीची गणना करितों.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. पावसाळ्यांत डेंग्यूचा ताप आला कीं घरचीं माणसें सकाळसंध्याकाळ बिंबिकांचा आंकडा विचारीत बसतात. आंकडा उतरला कीं धीर सुटतो. कोणी पपईच्या पानांचा रस शोधतो, कोणी रक्तपेढीकडे धांवतो. डेंग्यूंत बिंबिका कमी होतात हें खरें. पण खरा धोका बहुधा निराळा असतो. रक्तवाहिन्यांतून रक्तरस पाझरतो व रक्तदाब खालावतो. आणि हें ताप उतरण्याच्या सुमारास घडतें, म्हणजे घरचे निर्धास्त होतात नेमके तेव्हां. पोटांत तीव्र वेदना, सारख्या वांत्या, हिरड्यांतून वा नाकांतून रक्त, फार गळून जाणें किंवा अस्वस्थपणा, यांपैकीं कांहीं दिसतांच रुग्णालय गांठावें. रक्तस्राव नसतांना केवळ आंकड्यासाठीं बिंबिका देण्याचा विचार सामान्यतः तो दहा हजारांखालीं गेल्यावर करितात. तापासाठीं ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊं नये; डॉक्टर सांगतील त्या मात्रेंत पॅरासिटामॉल द्यावें, आणि पाणी, पेज, ताक भरपूर पाजावें.

विद्यार्थ्यांनीं दोन कृति शिकून ठेवाव्या. जखम वाहूं लागली तर स्वच्छ फडकें ठेवून घट्ट दाबावें आणि दहा मिनिटें दाबूनच धरावें. मधून मधून उचलून पाहूं नये, कारण प्रत्येक वेळीं नुकता बसूं लागलेला बूच निघतो. माती, राख, तंबाखू, कोळिष्टक कांहीं भरूं नये. नाकांतून रक्त आलें तर मान मागें टाकूं नये. पुढें वांकून बसावें, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटें चिमटींत धरावा आणि तोंडानें श्वास घ्यावा. एवढ्यानें न थांबल्यास मोठ्या माणसास हांक मारावी.

अखेरीस एक विनंती. रक्तपेढींत तांबड्या पेशी थंड जागीं पांच-सहा आठवडे टिकतात. बिंबिकांना मात्र थंडी मानवत नाहीं. त्यांना वीस ते चोवीस अंश उष्णतेंत सारखें हलवीत ठेवावें लागतें, आणि तशाही त्या पांचच दिवस वापरतां येतात. म्हणजे आज दिलेल्या बिंबिका पुढच्या आठवड्यांत कोणाच्या कामीं येत नाहींत. त्या कोणीतरी सतत देत राहिलें पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं जे अठरा वर्षांचे झाले असतील व ज्यांची प्रकृति ठीक असेल त्यांनीं, आणि पालकांनींही, जवळच्या रक्तपेढींत एकदां नांव नोंदवावें. जे अजून लहान आहेत त्यांनीं तोंपर्यंत पालेभाजी खावी, खपली काढूं नये, आणि वर्गांत जो पाय जपून टाकतो त्याला वाट द्यावी.